चेहरा हुबेहूब नसला तरी चालेल, ओठ नीट हलू द्या

हल्ली शिकवायच्या व्हिडिओत खऱ्या सरांच्या जागी कॉम्प्युटरने बनवलेली मॅडम उभी असते, इंदूरला भंवरकुआँच्या कोचिंगला जाणाऱ्या मुलांच्या मोबाईलवर तर सर्रास, आणि मला मनापासून वाईट वाटतं ते याचं की केसांवर नि कातडीवर एवढी मेहनत घेतात आणि ओठ, डोळे, हात तसेच सोडून देतात.

माझी भाची दहावीला आहे. परावर्तनाचा धडा बघत होती, मॅडम दिसायला अगदी खरी, पण किरण आरशावर पडतोय तेव्हा तिची नजर भलतीकडेच आणि हात सगळ्या वाक्यांना एकसारखाच हलतोय. भाची म्हणाली, मावशी, ही आरशाकडे बघतच नाहीये. धड्यापेक्षा तिचं लक्ष मॅडमवरच जास्त होतं.

हे का होतं ते जपानच्या मासाहिरो मोरी या रोबोटतज्ज्ञांनी 1970 सालीच लिहून ठेवलंय. रोबोट माणसासारखा दिसायला लागला की आधी आपल्याला तो आवडत जातो, पण जवळजवळ माणूस झाला आणि थोडंच काही चुकलं की एकदम नकोसा वाटतो, आणि तो हलायला लागला की हे अजून वाढतं. म्हणून साधं कार्टून चालतं, कारण त्याच्याकडून आपली तेवढी अपेक्षाच नसते.

ओठांचं तर अजून महत्त्वाचं आहे. 1976 मध्ये मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की कानाला 'बा' ऐकवलं आणि ओठ 'गा'चे दाखवले तर बऱ्याच लोकांना 'दा' ऐकू येतं! म्हणजे आपण डोळ्यांनीपण ऐकतो. माझ्या सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्या समोरच्याचे ओठ बघून बोलणं पकडतात. प, ब, म म्हणताना ओठ मिटायलाच हवेत ना, या डिजिटल मॅडमचे कित्येकदा मिटतच नाहीत, मग सासूबाई सारख्या मलाच विचारतात काय म्हणाली गं ती.

आणि हा प्रश्न फक्त कोचिंगचा नाही. दूरदर्शनने 26 मे 2024 ला डीडी किसानवर कृष आणि भूमी असे दोन एआय अँकर आणले, न थांबता 24 तास बातम्या वाचू शकतील असे. गावोगावी वयस्कर शेतकरी बघणार म्हटल्यावर ओठांचं काम किती जबाबदारीचं आहे बघा.

व्हिडिओतल्या अशा पात्राकडून मुलं कशी शिकतात यावर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांचं बरंच काम आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात नुसता चेहरा ठेवून शिकण्यात फारसा फरक पडत नाही, पण तेच पात्र माणसासारखे हातवारे करतं, बघणाऱ्याकडे बघतं, दाखवायचं तिथे दाखवतं, तेव्हा मुलं जास्त चांगलं शिकतात. मला तर हे अगदी पटतं, आपल्या शाळेतल्या बाई फळ्यावर खडू टेकवून "इथे बघा" म्हणायच्या तेव्हाच कोन कळायचा.

म्हणून बनवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, पैसे कमी असतील तर हुबेहूब चेहऱ्याचा नाद सोडा, साधं चित्र घ्या, आवाज खऱ्या शिक्षकाचा घ्या आणि हात आकृतीवर नेमका टेकवा. आणि चेहरा ठेवायचाच असेल तर व्हिडिओ बाहेर जायच्या आधी कमी ऐकू येणाऱ्या एखाद्या माणसाला आवाज बंद करून दाखवा, त्याला किती कळतं ते बघा, आणि मगच मुलांच्या हातात द्या.