लेट्यूसचं बी आणि आत्याबाईंचा तरवा

गेल्या वर्षीच्या मार्चात मी लेट्यूसचं बी पुरलं आणि एकही कोंब वर आला नाही. मुलानं पुण्याहून पुडी आणली होती, गड्डा न धरणारी सुट्या पानांची जात. माझ्या हाताला सवय मेथी-कोथिंबिरीची. रेघ ओढली, बी सोडलं, माती लोटली. पंधरा दिवस दोन्ही वेळ पाणी घातलं. बी खोटं निघालं असं समजून उरलेली पुडी डब्यात टाकली.

दिवाळीच्या आवराआवरीत ती आत्याबाईंच्या हाती लागली. त्यांनी चिमूटभर बी तळहातावर घेऊन निरखलं. एका ग्रॅममध्ये आठशे-हजार दाणे बसतील इतकं बारीक, लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं.

"अगं, हे पुरायचं बी न्हवं. तंबाखूचा तरवा टाकताना आम्ही वर माती लोटत हुतो काय?"

तरवा म्हणजे लावणीसाठी वाफ्यात वाढवलेली रोपं. आमचा निपाणी भाग तंबाखूचा. आत्याबाईंचं निम्मं आयुष्य त्यात गेलं. तंबाखूचं बी तर याहून कितीतरी बारीक. ते वाळूत कालवून वाफ्यावर फोकायचं आणि हलक्या हातानं नुसतं दाबायचं. लेट्यूसलाही तेच लागतं, कारण या बीला उगवायला उजेड हवा. माझी दुसरी चूक उन्हाची. माती तिशीच्या वर तापली की हे बी झोपून राहतं, मरत नाही. म्हणून तर तीच पुडी आठ महिन्यांनी उगवली.

आत्याबाईंनी वाफ्याची माती चाळली, शेणखत घातलं, मूठभर बारीक वाळूत बी कालवलं आणि फोकलं. वर ओलं गोणपाट घालू का म्हणून मी विचारलं, तर नको म्हणाल्या, उजेड अडेल. झारीनं पाणी द्यायचं, तेही धार न लावता. चौथ्या दिवशी सकाळी वाफ्यावर हिरवी झाक दिसली. मी उकिडवी बसून किती तरी वेळ बघत राहिले.

मग विरळणी. टवटवीत रोपं उपटताना माझा जीव तुटत होता. आत्याबाईंनी वीतभर अंतर ठेवून बाकीची काढायला लावली, आणि ती कोवळी रोपं त्याच दुपारी कांदा, दही, शेंगदाण्याचा कूट घालून भाकरीबरोबर खाल्ली.

दीड महिन्यात वाफा भरला. काढताना बाहेरची चार पानं खुडायची, मधला कोंब राखायचा. आठवड्यात झाड पुन्हा भरतं. पौष-माघातल्या थंडीत पानं कुरकुरीत आणि गोडसर होती. मावा एकदाच आला, तो पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन काढला.

शिमग्याच्या सुमारास झाडांनी मान वर काढली. पान खुडलं की देठातून पांढरा चीक येऊ लागला. बोटावर वाळला की तपकिरी डाग. ऊन वाढलं की झाड फुलायच्या मागं लागतं आणि पान कडू होतं. मी सगळा वाफा उपटायला निघाले होते. आत्याबाईंनी दोन झाडं राखायला लावली.

आता ती कमरेएवढी झालीत. बारीक पिवळी फुलं येऊन गेली, त्यांच्या जागी पांढरी म्हातारी धरलीय. आत्याबाई रोज सकाळी बोंडं चोळून बी फडक्यात गोळा करतात.