प्रेंटिसची सारवासारव जमावी असं वाटतं तेव्हा

शनिवार, रात्री उशिरा

‘ॲब्सोल्यूट पॉवर’ पुन्हा बघायला घेतली आहे. बीबीसी टूची मालिका, २००३ आणि २००५ अशी दोनच पर्वं, सगळे मिळून १२ भाग. लंडनमधली ‘प्रेंटिस मॅकेब’ ही पीआर, म्हणजे जनसंपर्काचं काम करणारी कंपनी, तिचे दोन भागीदार: प्रेंटिस झालेला स्टीफन फ्राय आणि मॅकेब झालेला जॉन बर्ड. २००० साली रेडिओ फोरवर सुरू झालेली मार्क टॅव्हनरची ही मूळ श्रुतिका, आणि ते जाणवतं. सगळी लढाई जिभेची.

प्रेंटिसला विधिनिषेध नाही. क्लायंट घाबराघुबरा होऊन समोर बसलेला, आणि याच्या डोक्यात मात्र एवढंच, की हे लोकांना कधी आणि कोणत्या शब्दांत कळावं. त्याची सारवासारव जमावी असं मला अगदी मनापासून वाटत राहतं! ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे लक्षच जात नाही, समोर दिसते ती फक्त हुशारी. मालिकेची ताकद मला इथे दिसते. पीआर माणसावर कसा चढतो हे ती सांगत बसत नाही, बघणाऱ्यावरच करून दाखवते.

आणि यातलं काही हवेतून आलेलं नाही. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कचे मनोरे जळत असताना ब्रिटिश मंत्र्यांच्या सल्लागार जो मूर यांनी खात्यात ईमेल धाडला: ज्या बातम्या गाडायच्या असतील त्या बाहेर काढायला आजचा दिवस फार चांगला. पुढे लगेच सूचना, नगरसेवकांच्या खर्चाची बातमी काढायची का? ती दुसरी ओळ मला जास्त हादरवते. इतक्या किरकोळ बातमीसाठी!

मालिका संपल्यावर, २०१७ मध्ये, लंडनचीच बेल पॉटिंजर ही खरीखुरी पीआर कंपनी बुडाली. दक्षिण आफ्रिकेत गुप्ता या उद्योजक बंधूंच्या कंपनीसाठी चालवलेल्या मोहिमेने वांशिक तेढ वाढवली, म्हणून पीआरवाल्यांच्या संघटनेनेच तिला बाहेर काढलं, आणि थोड्याच दिवसांत कंपनीचं दिवाळं वाजलं. तिथल्या बैठकाही अशाच हसतखेळत झाल्या असतील का, हा विचार आज डोक्यातून जात नाहीये.

बर्ड २०२२ मध्ये गेले. टाळीची वाक्यं फ्रायची, पण समोरचं बोलणं ऐकताना बर्डचा चेहरा जे करतो ते बघण्यासाठी मी भाग मागे घेते.

उरलेले भाग वही घेऊन बघणार आहे. प्रत्येक भागात नुकसान कुणाचं झालं, त्याचं नाव लिहायचं. मालिकेने सांगितलं नसेल तिथे जागा कोरी सोडायची.