सुट्टीतलं आयसोलेशन, पाचशे पौंड आणि दोन कौन्सिलं

कोविडमुळे आयसोलेट व्हावं लागून ज्यांची कमाई बुडायची, त्यांना पाचशे पौंड देणारी इंग्लंडमधली योजना 24 फेब्रुवारी 2022 ला बंद झाली. माझा राग अजून चालू आहे.

2021 चा ऑगस्ट. लेक डिस्ट्रिक्टमध्ये नवरा आणि मी छोटं कॉटेज घेतलं होतं. परत निघायच्या आधीच माझा घसा धरला, टेस्टवर दोन रेघा, मग पीसीआरही पॉझिटिव्ह. स्वतःच्या गाडीने घरी जाता येत असेल तर जायचं होतं. आम्ही ट्रेनने आलेलो, म्हणजे दहा दिवस जागचं हलायचं नाही. नियम मोडला तर दंड हजार पौंडांपासून पुढे. वाढीव मुक्कामाचं भाडं मात्र आपल्याच खिशातून. मालकीणबाई भल्या, त्यांनी दर कमी केला.

नवऱ्याचं काम लॅपटॉपवर, तो सुखात. मी रेस्टॉरंटच्या किचनमध्ये. कांदा काही घरून चिरून पाठवता येत नाही! आजारपणाचे मिळणार आठवड्याला 96.35 पौंड. म्हणून टेस्ट अँड ट्रेस या सरकारी कोविड यंत्रणेच्या सपोर्ट पेमेंटचा, म्हणजे त्याच पाचशे पौंडांचा, अर्ज आमच्या घरच्या कौन्सिलकडे (तिथली स्थानिक पालिका) केला.

सुरुवातीची पानं सरसर गेली. मग प्रश्न आला: सध्या कुठल्या पत्त्यावर आयसोलेट होताय? कॉटेजचा पोस्टकोड टाकला. खाली लाल ओळ: हा पत्ता आमच्या हद्दीत नाही. घरचा टाकला असता तर फॉर्म पुढे गेला असता, पण शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ या चौकोनात टिक करायची होती. व्हिसावर राहणाऱ्या माणसाने तिथे खोटी टिक करायची?

फोन केला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एक बाई म्हणाल्या, “तुम्ही आमच्या भागात नाही आहात, तिथल्या कौन्सिलला विचारा.” तिथले म्हणाले, “तुम्ही कौन्सिल टॅक्स इथे भरत नाही, तुमच्या कौन्सिलला विचारा.” परत पहिल्या ठिकाणी. आता नवीनच: “तुमच्या टेस्ट अँड ट्रेसच्या ओळख क्रमांकापुढे आम्हाला कॉटेजचा पत्ता दिसतोय.” दिसणारच, पीसीआरचं किट तिथेच मागवलं होतं. ज्या घरी मला जायलाच बंदी, तिथे मागवून काय करणार होते? पलीकडून थंडपणे, “आय अंडरस्टँड.” काय डोंबल अंडरस्टँड!

गंमत म्हणजे नियम साधा होता. आयसोलेशन कुठेही असो, अर्ज राहत्या घराच्या कौन्सिलकडे करायचा. ते कुणी नाकारतही नव्हतं. फक्त त्यांच्या फॉर्मला ते ठाऊक नव्हतं.

शेवटी एका तरुण कर्मचाऱ्याने सुटका केली. “ऑनलाइन सोडा, मी इथून हाताने भरतो.” त्याने मागितलं ते असं: मालकीणबाईंचं तारखांसह पत्र, घरचं कौन्सिल टॅक्सचं बिल, वाया गेलेलं परतीचं तिकीट, बँक स्टेटमेंट आणि पेस्लिपा. तेव्हा असं काही पुन्हा उपटलं तर वाया गेलेलं तिकीटसुद्धा फेकू नका, आणि फॉर्म अडला की हाताने भरून घ्या असा हट्टच धरा.

व्हिसावाल्यांसाठी हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदतीवर हक्क नाही) असा शिक्का असला तरी या योजनेतून कौन्सिलच्या मर्जीवरची (डिस्क्रिशनरी) मदत मिळू शकत होती, कारण ती पब्लिक फंड्समध्ये धरली जात नव्हती. आमच्या ओळखीतल्या कित्येकांनी त्या भीतीने अर्जच केला नाही. भारतातून येऊन सरकारी क्वारंटाइन हॉटेलात अडकलेल्यांना मात्र ही योजना लागू नव्हतीच. ते बिचारे एकट्या माणसाचे 1,750 पौंड भरून बसले. त्याच ऑगस्टमध्ये वेल्सने आपली रक्कम 750 केली होती, पण तीही तिथल्या रहिवाशांसाठी. सुट्टीला वेल्समध्ये गेलो असतो तरी आम्हाला पाचशेच.

मंजुरीचा ईमेल आला तेव्हा मी किचनमध्ये होते, कढईसमोरच ओरडले. बहुतेक पैसे कॉटेजच्या भाड्यात गेले. आणि हो, या पाचशेवर नॅशनल इन्शुरन्स नव्हता, पण आयकर होता.