लिमिट आली, 31 च्या आत खर्च टाका

28 मार्च 2025, शुक्रवार, रात्री

दुपारी आमच्या झेडपी शिक्षकांच्या ग्रुपवर मेसेज पडला की संयुक्त शाळा अनुदानाची, म्हणजे शाळेच्या वर्षाच्या खर्चाच्या पैशांची, लिमिट आलीय, 31 च्या आत खर्च टाका नाहीतर परत जाईल. रविवारी पाडवा, सोमवारी ईद, म्हणजे हातात उद्याचा एक शनिवार. वर्षभर वाट बघायची आणि शेवटच्या आठवड्यात पळापळ करायची, दरवर्षी हेच, आणि दरवर्षी मला तितकाच राग येतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला 10,000 रुपये धरलेत, 31 ते 100 ला 25,000. आमचा पट 19. त्या 10,000 मधले 10 टक्के स्वच्छतेवरच घालायचे, उरलेल्यात वीजबिल, खडू, रजिस्टरं, कौलं बदलणं, नळाची तोटी, सगळं. ते तरी पूर्ण यावेत, तर यंदा निम्मेच दिसतायत. आणि पैसे आता खात्यात येतच नाहीत, खातं झीरो बॅलन्सचं, वरून फक्त मर्यादा टाकतात आणि ज्याचं नाव पीएफएमएसवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन पेमेंटच्या सिस्टिमवर, वेंडर म्हणून चढलंय त्यालाच पेमेंट जातं. आमच्या वाडीतला किराणावाला कुठून चढणार तिथे, जूनपासून त्याच्याकडून फिनेल, झाडू, बल्ब उधारीवर आणलेत, त्याचे पैसे मी पगारातूनच दिलेत. माझी तक्रार माझ्या खिशाची नाही, पगार चांगला आहे आणि वेळेवर होतो. शिक्षणाचं बजेट पगारातच जातं असं लोक म्हणतात तेही बरंचसं खरंय. पण म्हणूनच तर पगार सोडून शाळेला जे मिळतं ते किती तुटपुंजं आहे ते बघा म्हणते मी. शाळा चालवायला फार पैसा लागत नाही, पण जो लागतो तो जूनमध्ये लागतो आणि शाळेच्या हातात लागतो. मार्चमध्ये आलेल्या पैशातून जूनची गळती कशी थांबणार.

वर्गातला टीव्ही 2016 मध्ये लोकवर्गणीतून घेतलेला, तेव्हा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचं वारं होतं, गावोगाव शाळा डिजिटल होत होत्या, मुंबईला कामाला असलेल्या पोरांनी पाचशे-पाचशे रुपये पाठवले होते. गेल्या दिवाळीनंतर बिल थकलं म्हणून लाइन तोडली आणि तो टीव्ही दोन महिने कापड घालून बसवून ठेवला. गावाने टीव्ही दिला आणि सरकारला त्याचं बिल भरता आलं नाही, हे मी त्या पोरांना कुठल्या तोंडाने सांगू.

2014 पासून पाच शिक्षणमंत्री झाले, तावडे, शेलार, वर्षाताई गायकवाड, केसरकर आणि आता दादा भुसे. पक्ष बदलले, सरकारं पडली-आली, पण एक गोष्ट सगळ्यांच्यात सारखीच राहिली, प्रत्येकाला काहीतरी आपलं नवीन हवं असतं. एक राज्य एक गणवेश आठवा. आधी शाळेची पालकांची व्यवस्थापन समिती गावातल्या किंवा बाजारातल्या टेलरकडून एका ड्रेसला 300 रुपयांत शिवून घ्यायची, जूनमध्ये पोरं नव्या कपड्यात यायची. मग ते काढून घेतलं, कापड वरून एकाच ठिकाणाहून येणार आणि बचतगटाच्या बायका शिवणार असं ठरलं, शिलाई 100 रुपये वर 10 रुपये किरकोळ खर्चाला. त्या दरात कुठली बाई परवडून शिवेल. आमच्याकडे 15 ऑगस्टला पोरं जुन्याच ड्रेसवर झेंड्याला उभी होती, आणि नंतर आले त्यात पहिलीतल्या पोराची पँट चौथीतल्याला होईल अशी. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये परत समितीकडे दिलं. चूक दुरुस्त झाली हे चांगलंच, पण पोरांचं ते वर्ष गेलं ते गेलं.

आणि अंडी. हे मला सगळ्यात जास्त लागलंय. नोव्हेंबर 2023 ला शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं सुरू केलं, न खाणाऱ्याला केळं. त्या दिवशी पट भरलेला असायचा, एकही गैरहजर नाही. तिसरीतला एकजण अंडं इतकं नीट सोलायचा की पहिलीतली सगळी आपापली अंडी घेऊन त्याच्यासमोर रांगेत बसायची, तो सगळ्यांची सोलून द्यायचा आणि आपलं शेवटी खायचा. यंदा 28 जानेवारीला जीआर आला, अंड्यांसाठी आणि साखरेसाठी वेगळा निधी नाही, शाळांनी लोकसहभागातून करावं. वाचलेला पैसा वर्षाला साधारण 50 कोटी. आणि 10 मार्चच्या बजेटमध्ये लाडक्या बहिणीला 36,000 कोटी. मी त्या योजनेच्या विरोधात अजिबात नाही, आमच्या वाडीतल्या बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे म्हणून 1,500 रुपये आलेत, त्यातून कुणी औषध आणलं कुणी पोराला चप्पल, हे मी रोज बघते. पण त्याच बहिणीच्या लेकराच्या ताटातलं अंडं काढताना मंत्रालयात कुणाचाच हात अडखळला नाही का? 36,000 कोटींपुढे 50 कोटी म्हणजे किती ते चौथीतलं पोर पण सांगेल.

लोकसहभाग म्हणजे कोण, तर आमची स्वयंपाकी ताई. महिना 2,500 मानधन, तेही दोन-तीन महिन्यांचं एकदम मिळतं. तिने घरच्या कोंबड्यांची अंडी आणली दोन वेळा, न सांगता पातेल्यात उकडायला टाकली. पैसे देऊ केले तर म्हणाली, "बाई, पोरं रोज विचारत्यात, मला सांगायला बरं वाटत नाय." राज्याने सोडलेला खर्च ती उचलतेय. हे मी इथे लिहून ठेवतेय कारण हे कुठल्याच अहवालात येणार नाही.

मग विचारायचं कुणाला. पूर्वी झेडपीचे सदस्य होते, शिक्षण समिती होती, सेसमधून, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या निधीतून, पत्रे, बेंच, कंपाउंड असं काहीबाही मागता यायचं. आमचे सदस्य काही फार मोठे कर्तबगार नव्हते पण मोटरसायकल थांबवून ऐकून घ्यायचे, मीटिंगमध्ये नाव तरी काढायचे. मार्च 2022 पासून बहुतेक झेडप्या प्रशासकांच्या ताब्यात आहेत, निवडणुका कोर्टात अडकल्यात. तीन वर्षं झाली आमच्या शाळेला राजकारणात माणूसच नाही. आमदार 'दत्तक शाळा' योजनेचं नाव घेतात, पण 50 लाख घालून पाच वर्षं शाळेला आपलं नाव लावणारी कंपनी डोंगरावरच्या 19 पोरांकडे कशाला येईल, ती रस्त्यालगतची, शहराजवळची शाळा बघणार ना.

त्यात गेल्या वर्षीचा 15 मार्चचा संच मान्यतेचा, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा, जीआर. 20 पर्यंत पटाला एकच नियमित शिक्षक, दुसरा लागला तर निवृत्तांमधून. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात 60 पर्यंत दोन शिक्षक आहेत, चार वर्ग एकटी बाई कशी घेईल याचा विचार तिथे 2009 मध्येच झाला होता. शिवाय पट म्हणजे आधार व्हॅलिड झालेलाच पट. ऊसतोडीहून परतलेली दोन भावंडं येतात रोज, हुशार आहेत, पण धाकट्याच्या आधारवर नाव वेगळं लागलंय म्हणून तो सिस्टिममध्ये धरला जात नाही. तो समोर बसून पाढे म्हणतो आणि कागदावर नाही.

रविवारी पाडव्याला 'पट वाढवा'ची फेरी आहे, पोरं पताका करतायत. दोन घरं आहेत जी व्हॅनने खालच्या इंग्रजी शाळेत पाठवायच्या विचारात आहेत, त्यांना त्यांच्या पोरींच्या वाचनाचे व्हिडिओ दाखवणार आहे, पाचशेच्या नोटेचे सुट्टे करणारा आमच्या पोरांचा शाळेतला बाजार पण दाखवणार.

झेडपीच्या निवडणुका कधीतरी लागतीलच. मी सरकारी नोकर, मला बोलता येत नाही, पण व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना येतं. त्यांच्याशी आज बोलले. जो कोणी मत मागायला वाडीत येईल, कुठल्याही पक्षाचा असो, त्याला शाळेच्या ओट्यावर बसवून तीन गोष्टी विचारायच्या ठरल्यात: सेसमधून वीजबिलाची तरतूद किती करणार, अनुदान जूनमध्ये आणि पूर्ण मिळावं म्हणून काय करणार, आणि अंडं परत कधी सुरू करणार. उत्तर समितीच्या प्रोसिडिंग बुकात लिहून खाली सही घ्यायची. अध्यक्ष म्हणाले सही कोण देणार बाई. मी म्हटलं मागून तर बघू.