अल्जिनेट जेल हवं तेवढंच घट्ट करताना

तपकिरी समुद्रशैवालापासून मिळणारं सोडियम अल्जिनेट कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात थेंबथेंब सोडलं की लगेच मणी बनतात. पेशी कोंडायला ते पुरतं. घट्टपणा मोजायला मात्र आतबाहेर सारखी चकती लागते, आणि तिथे ही घाई नडते: बाहेरचा थर आधी आवळतो, गाभा मऊच राहतो. म्हणून चकत्यांसाठी मी कॅल्शियम आतूनच, सावकाश सोडते.

२० मिली जेलला २ टक्के अल्जिनेटचं १५ मिली द्रावण, ६० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट आणि २१४ मिग्रॅ ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन. लॅक्टोनचं पाण्यात हळूहळू आम्ल होतं आणि ते आम्ल कार्बोनेटमधलं कॅल्शियम मोकळं करतं. म्हणजे कॅल्शियम ३० मिलिमोलर. मऊ जेल हवं तर दोन्ही निम्मे, पण त्यांचं १:२ हे मोलर (वजनाचं नव्हे, रेणूंच्या संख्येचं) प्रमाण मोडायचं नाही. लॅक्टोन जास्त झालं तर जेल आंबट होतं आणि पेशींना ते सोसत नाही.

अल्जिनेटची भुकटी जोरात फिरत्या पाण्यात चिमटीचिमटीने भुरभुरावी. एकदम ओतली की गुठळीचं वरचं आवरण फुगतं आणि आतली भुकटी कोरडीच राहते. द्रावण रात्रभर ठेवलं की बुडबुडेही निघून जातात. निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह (दाबाखालची गरम वाफ) नको, उष्णतेने अल्जिनेटच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि द्रावण पातळ होतं. त्यापेक्षा पातळ द्रावण ०.२२ मायक्रॉनमधून गाळून मग सुकवलेलं बरं.

कार्बोनेट बारीकच घ्यावं, जाड कण तळाशी बसतात आणि चकतीची खालची बाजू घट्ट होते. ते २.५ मिली पाण्यात घोळवून अल्जिनेटमध्ये मिसळते. लॅक्टोन उरलेल्या २.५ मिलीत, अगदी शेवटच्या क्षणी: पाण्यात पडताच त्याचं आम्ल व्हायला लागतं. मग पटकन साच्यात ओतायचं, झाकायचं आणि मोजमापाआधी २४ तास हलवायचं नाही.

सगळ्यात जास्त चकत्या वाया जातात त्या धुताना. फॉस्फेट-सलाइन या नेहमीच्या धुण्याच्या खारट द्रावणातलं सोडियम कॅल्शियमची जागा घेतं, फॉस्फेट त्याला ओढून घेतं, आणि घट्टपणाचे आकडे रोज खाली येतात. फॉस्फेटऐवजी हेपेस बफर (आम्लता स्थिर ठेवणारं दुसरं द्रावण) वापरून त्यात २ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घातलं की जेल बरंच टिकतं.

पेशी परत काढायच्या असतील तेव्हा कॅल्शियम गमावायची हीच खोड कामी येते. ५५ मिलिमोलर सोडियम सायट्रेटमध्ये ठेवलं की जेल विरघळतं आणि पेशी मोकळ्या होतात.