तेलदाबाचा काटा

गेल्या महिन्यातील एका रविवारी सकाळी, कोल्हापुरातील एका बंगल्याच्या गॅरेजमध्ये, मी स्वतः बोअर केलेले आणि स्वतः बांधलेले इंजिन सुमारे २० सेकंद तेलाच्या दाबाशिवाय, म्हणजे बेअरिंगांपर्यंत पंपाचे तेल न पोहोचता, चालले. ते बंद मी केले नाही, गाडीच्या मालकांनी केले. मी तेव्हा बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला कार्ब्युरेटरवर वाकून आवाज ऐकत होतो, आणि आवाज मला समाधानकारक वाटत होता. या कामात ३० वर्षे काढल्यानंतर असे कसे झाले, हे मला अजून पुरते उलगडलेले नाही, म्हणून सगळे क्रमाने लिहून काढतो आहे.

आमचे वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात आहे. वडिलांनी ते शेतीच्या ऑईल इंजिनांवर सुरू केले आणि आज तेथे मुख्यतः ट्रॅक्टर, टेम्पो आणि डिझेल पंपांचे ब्लॉक येतात. बाहेरच्या माणसाला वाटते की रिबोअरिंग म्हणजे मशीन लावले आणि झिजलेला सिलिंडर कापून मोठा केला. प्रत्यक्षात कापण्याचा वेळ सर्वांत थोडा असतो. दिवस जातो तो धुण्यात, मोजण्यात आणि पुन्हा मोजण्यात.

मालक भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. मी त्यांना सर म्हणतो. त्यांची गाडी म्हणजे एम.जी. टी.डी., इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९४९ ते १९५३ या काळात तयार झालेली दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. या मॉडेलच्या एकूण २९,६६४ गाड्या निघाल्या आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेला गेल्या. कोल्हापूरला जुन्या गाड्यांचे अप्रूप नाही, दसऱ्याच्या स्वारीतली संस्थानची मेबॅक मोटार येथील लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु संस्थानच्या गाडीची देखभाल वेगळी, आणि एका निवृत्त माणसाने पत्र्याच्या गॅरेजमध्ये एकट्याने नऊ वर्षे गाडी उभी करणे वेगळे. या गाडीच्या पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा असतो. मूळचा ॲशच्या विलायती लाकडाचा सांगाडा येथल्या पावसाळ्यांनी पोखरून टाकलेला होता, म्हणून सरांनी सुताराच्या मदतीने तो सागवानात नव्याने घडवला आणि प्रत्येक जोडाचे माप एका जाड वहीत उतरवले. त्या वहीचा उल्लेख पुढे येणार आहे.

इंजिन माझ्याकडे आले ते सुट्या भागांत, प्रत्येक पिशवीला चिठ्ठी लावून. चार सिलिंडरचे, १२५० सीसीचे हे इंजिन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६६.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलिमीटर, शक्ती ५४ अश्वशक्ती. त्यातील बोल्टांनी पहिल्याच दिवशी आमच्या फिटरची परीक्षा घेतली. बोल्टांची डोकी व्हिटवर्थच्या, म्हणजे जुन्या इंग्रजी इंचाच्या, मापाची आणि आटे मात्र मेट्रिक, तेही आजच्या नेहमीच्या मेट्रिकपेक्षा बारीक. याचे कारण असे की हे इंजिन बनवणाऱ्या मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये कॉव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला, तेथील यंत्रसामग्री फ्रेंच मापांची होती, आणि ती बदलण्याऐवजी आटे तसेच ठेवून फक्त डोकी इंग्रज मेकॅनिकच्या पान्यांना बसतील अशी केली गेली. हे माहीत नसलेल्या कोणा मिस्त्रीने पूर्वी कधी तरी ८ मिलिमीटरच्या छिद्रांत पाच-सोळांश इंचाचे बोल्ट घुसवले होते. पाच-सोळांश इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर. हाताला फरक कळत नाही, दोन फेरे सहज बसतात, आणि मग पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, जुळत नाही म्हणून माणूस पान्याला पाइप लावतो. अशी पाच छिद्रे बरबाद झालेली होती. लागत नसलेला बोल्ट जोराने लावणाऱ्या माणसाच्या हातात पाना देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही छिद्रे मोठी करून बुश बसवले आणि त्यांत १ मिलिमीटर पिचचे आटे पाडले. ते काम मी कोणालाही अभिमानाने दाखवीन.

सिलिंडर आधीच ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे दीड मिलिमीटर, मोठे केलेले होते आणि त्यावर पुन्हा झीज होती. आणखी कापले असते तर भिंत पातळ होऊन पाण्याच्या जॅकेटपर्यंत पोहोचण्याचा धोका होता, म्हणून चारही सिलिंडरना ड्राय स्लीव्ह, म्हणजे आतून बसणारी धातूची नळी, घालून मूळ मापावर आणण्याचे ठरले. स्लीव्हसाठी बोअर दोन थाऊ घट्ट ठेवला, आधी पहिला आणि तिसरा, मग दुसरा आणि चौथा असे प्रेसवर दाबले आणि ब्लॉक दोन दिवस तसाच पडू दिला. शेवटचे माप मी पहाटे सहा वाजता घेतले. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याखाली दुपारी ब्लॉक सकाळपेक्षा १५ अंशांनी गरम असतो आणि तेवढ्याने ६६.५ मिलिमीटरचा बोअर शतांश मिलिमीटरने फुगतो. पिस्टनची जागा मोजायची तर हा फरक सोडून चालत नाही. होनिंगची, म्हणजे शेवटच्या बारीक घासण्याची, जाळी चारही सिलिंडरमध्ये इतकी सारखी उतरली की सरांनी टॉर्च लावून ती बराच वेळ पाहिली.

या इंजिनांच्या क्रँकला, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याला, तडे जातात असे ऐकले होते, म्हणून ग्राइंडिंगच्या आधी तडे दाखवणारी मॅग्नेटिक तपासणी करून घेतली. ती स्वच्छ निघाली. हेडमध्ये व्हॉल्व्ह टेकतात तेथे कठीण धातूच्या सीट बसवल्या, कारण देशभरात २००० सालापासून पेट्रोलमधले शिसे गेले आणि जुन्या बिडाच्या सीट त्याच्या आधारावर टिकत होत्या. कार्ब्युरेटरच्या जेटभोवतीची बुचाची सील आणि सगळे रबरी पाइप सरांनी बदलले. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के येते, आणि ७० वर्षांपूर्वीच्या रबराला ते सोसत नाही. बेअरिंगचे शेल, म्हणजे क्रँकभोवती बसणाऱ्या अर्धवर्तुळाकार पट्ट्या, इंग्लंडहून आले.

आता पंपाविषयी. ट्रॅक्टरच्या ज्या इंजिनांवर माझे हात तयार झाले, त्यांत तेलाचा पंप चेंबरमधल्या, म्हणजे इंजिनच्या तळाच्या तेलपात्रातल्या, तेलात बुडालेला किंवा अगदी त्याच्या लगत असतो. टी.डी.च्या इंजिनात तो ब्लॉकच्या बाहेरच्या अंगाला, तेलाच्या पातळीच्या बराच वर बसवलेला आहे आणि त्याला तेल खालून ओढून घ्यावे लागते. गिअर पंप हवा ओढू शकत नाही असे नाही, पण गिअर आणि घर यांच्यामधल्या फटी तेलाच्या पापुद्र्याने बंद असतील तरच तो ओढतो. कोरडा असला की गिअर नुसते फिरतात आणि हवा त्याच फटींतून परत जाते. म्हणून हे इंजिन नव्याने बांधल्यावर पंपाजवळचा जोड उघडून पंप तेलाने भरावा लागतो, किंवा बांधतानाच गिअरमध्ये व्हॅसलीन भरून ठेवावे लागते, म्हणजे ते ओघळून जात नाही.

सरांच्या वहीत हे लिहिलेले होते. त्यांनी मला दोनदा विचारलेही. पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये, तेव्हा मी पंप त्यांच्यासमोरच तेलात बुडवून बसवला आणि म्हणालो, “सर, तेल लावूनच बसवलाय, काळजी करू नका.” दुसऱ्यांदा फोनवर, सुरू करण्याच्या आदल्या संध्याकाळी. मधे पाच आठवडे गेले होते, कारण वायरिंग करायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडायच्या, गाडीला सवयीने निगेटिव्ह अर्थ दिला आणि ते सगळे सरांनी पुन्हा केले. या पाच आठवड्यांत पंपातले तेल खाली निथळून गेले असणार, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. मी फोनवर म्हणालो, “सकाळी प्लग काढून सेल्फ मारू, दाब आपोआप येईल.”

सकाळी आम्ही स्पार्क प्लग काढले, म्हणजे इंजिन पेटणार नाही, नुसते फिरेल. या गाडीत सेल्फची कळ डॅशबोर्डवरून ओढायची असते. सरांनी ती तीनदा, दहा-दहा सेकंद ओढली. काटा शून्यावरून हलला नाही. येथे थांबायला हवे होते. माझ्या मनात आले ते असे की काट्याकडे जाणाऱ्या बारीक नळीत हवा अडकली असेल, आणि इंजिन वेगात फिरले की ती निघून जाईल. ट्रॅक्टरवर असे होताना मी अनेकदा पाहिले आहे. मी प्लग लावले, पेट्रोल पंपाची टिकटिक थांबेपर्यंत वाट पाहिली आणि सरांना म्हणालो, “ओढा.”

इंजिन दुसऱ्या फटक्याला पकडले. नऊ वर्षांनी मिळालेला तो आवाज होता, आणि मी पुढच्या कार्ब्युरेटरकडे वळलो. सर मात्र काट्याकडे पाहत होते. त्यांनी किल्ली फिरवली आणि गॅरेज शांत झाले. ते एवढेच म्हणाले, “काटा हलला नाही.” वहीचा विषय त्यांनी काढला नाही, तो त्यांनी आजतागायत काढलेला नाही.

मी पंपाचा जोड उघडला तेव्हा आत घातलेले बोट कोरडे बाहेर आले. सिरिंजने तेल भरले, प्लग काढून कळ ओढली आणि आठ-दहा सेकंदांत काटा ३० पौंडांवर गेला. सरांना तेव्हाच पुन्हा सुरू करावेसे वाटत होते, बांधताना बेअरिंगला लावलेले तेल २० सेकंद पुरले असेल असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते चुकीचे नव्हते. मी नको म्हणालो. आम्ही दोघांनी गाडी स्टँडवर चढवली, चेंबर उतरवले आणि संध्याकाळपर्यंत बेअरिंगची एकेक कॅप काढून पाहिली.

कनेक्टिंग रॉडची चारही बेअरिंगे स्वच्छ होती. क्रँकला धरणाऱ्या तिन्ही मेन बेअरिंगांपैकी मधल्या मेनच्या खालच्या शेलवर मात्र एक रेघ होती, केसाएवढी बारीक, शेलच्या एक तृतीयांश लांबीची. नखाला ती लागत नव्हती. जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या भागावर, काहीही नव्हते.

ती रेघ माझा पिच्छा सोडत नाही. बेअरिंग कोरडे फिरले तर ज्या भागावर भार येतो तेथे रुंद, निस्तेज डाग पडतो. एकटी बारीक रेघ पडते ती तेलाबरोबर आलेल्या कणाने. म्हणजे रेघ कदाचित त्या २० सेकंदांची नसेलच. दाब आल्यावर, प्लग काढून फिरवताना, तेलवाहिनीतून निघालेल्या होनिंगच्या कणाची असेल. ब्लॉक धुताना तेलवाहिनीची तोंडे बंद करणारे प्लग काढून आतून ब्रश घालायचा, हा आमच्याकडचा न मोडणारा नियम आहे. या ब्लॉकचा एक आडवा प्लग निघत नव्हता. इतक्या जुन्या बिडावर जोर नको म्हणून मी तो तसाच ठेवला आणि तेवढी वाहिनी रॉकेलने व हवेच्या दाबाने साफ केली. पंप कोरडा राहिला म्हणून रेघ पडली असेल तर मी सरांचे ऐकले नाही. कण आला म्हणून पडली असेल तर मी माझाच नियम पाळला नाही. कोणते खरे, हे शेलकडे पाहून सांगता येत नाही, आणि मी ते शेल भिंगाखाली बराच वेळ पाहिले आहे.

जादा शेल नव्हते आणि नवे मागवायचे तर आणखी दोन महिने गेले असते. सरांनी विचारले, “तुमच्या ट्रॅक्टरला अशी रेघ असती तर काय केले असते?” मी म्हणालो, “तेच शेल परत बसवले असते.” ते म्हणाले, “मग बसवा.” तो आडवा प्लग मी या वेळी गरम करून, दोन तास खर्चून काढला, वाहिनी ब्रशने साफ केली, शेल बसवले, पंपात तेल भरले, चेंबर चढवले. रात्री साडेनऊला इंजिन सुरू झाले तेव्हा काटा आधीच वर होता.

परंतु घरी जाताना माझ्या लक्षात आले की मी पुन्हा ट्रॅक्टरचेच उत्तर दिले होते. ट्रॅक्टर मिनिटाला दोन-सव्वादोन हजार फेऱ्यांवर चालतो. हे इंजिन पाच हजारांच्या पुढे जाण्यासाठी घडवलेले आहे आणि मधले मेन बेअरिंग त्या भाराचा मोठा वाटा झेलते. सर तीन हजारांच्या वर जात नाहीत, हे त्यांनीच मला सांगितले आहे. सध्या माझा भरवसा तेवढ्यावर आहे.

गाडी आता २५० किलोमीटर चालली आहे. आज सकाळी सरांनी पहिले तेल उतरवले आणि स्वच्छ धुतलेल्या काचेच्या बाटलीत भरून, वर तारीख आणि किलोमीटरची चिठ्ठी लावून, वर्कशॉपमध्ये पाठवले. उद्या दुकान उघडण्यापूर्वी मी ते पांढऱ्या सुती कापडातून गाळणार आहे. कापडावर शेलच्या धातूची चमक दिसली, तर चेंबर पुन्हा उतरवीन आणि नवे शेल माझ्या खर्चाने मागवीन. हे सरांना अजून सांगितलेले नाही.