तोस्काचं मॉडेल: दुसऱ्या अंकाची खिडकी बसली

पुच्चिनीच्या 'तोस्का' या ऑपेराच्या नेपथ्याचं हे छोटं मॉडेल. चर्चचा पहिला अंक मागेच उरकलाय. सध्या टेबलावर पालाझ्झो फार्नेझे हा महाल, त्यात पोलीसप्रमुख स्कार्पियाची खोली. प्रमाण तेच, १:२५, म्हणजे मीटरला ४ सेंटिमीटर. भिंती ५ मिमी सनबोर्डच्या, वरून राखाडी कार्डशीट. मूळ कथानक जून १८०० चं. माझं उद्याच्या, सगळ्यांवर पाळत ठेवणाऱ्या राज्यातलं, पण शहर रोमच.

पाळतीचं राज्य म्हटलं की सगळे भिंतभर स्क्रीन लावतात. मी एकच ठेवलाय, तोही बंद. कारण पुच्चिनीचा स्कार्पिया कानांचा माणूस आहे. खालच्या मजल्यावर राणीची मेजवानी, तिथे गायिका तोस्का गातेय, आवाज खिडकीतून वर येतोय आणि वर तिचा प्रियकर, चित्रकार काव्हारादोस्सीची उलटतपासणी चाललीय. स्कार्पिया वैतागून खिडकी लावतो, गाणं तिथेच तुटतं. पुढे छळ सुरू झाल्यावर हाच माणूस दार उघडायला लावतो, तोस्काला किंकाळ्या ऐकू याव्यात म्हणून. कुठला आवाज कुणाच्या कानावर जाऊ द्यायचा, हे तो ठरवतो. पळालेला कैदी अंजेलोत्ती विहिरीत लपलाय हेही शेवटी तिच्याच तोंडून बाहेर पडतं. तिथे कुठला कॅमेरा कामी आला असता?

म्हणून खिडकी खरीच ठेवली, फक्त जाड, ध्वनिरोधक. मॉडेलमध्ये २ मिमी ॲक्रिलिक आणि मागे १२ व्होल्टची वॉर्म व्हाइट पट्टी. खिडकी सरकवली की मेजवानीचा उजेडही जातो. खाच कापताना ॲक्रिलिक तडकतं, पण कटरने हलक्या हाताने रेघ मारत गेलं की जमतं.

पहिल्या अंकात स्कार्पिया दुसऱ्या एका बाईचा हातपंखा दाखवून तोस्काचा मत्सर चेतवतो; त्या पंख्याबद्दल मागे चर्चा झाली होती. त्याऐवजी मोबाइलमधला फोटो चालेल का? माझ्या मते नाही. स्कार्पिया गाण्यात म्हणतो, इयागोकडे ('ऑथेल्लो'तला खलनायक) रुमाल होता, माझ्याकडे पंखा आहे; शब्द बदलता येत नाहीत. पंखा पुराव्याच्या पारदर्शक पिशवीत घातलाय. मत्सराने पेटलेली तोस्का निघते आणि मागे तीन हेर, एक गाडी. तिच्या अंगावर आणखी ट्रॅकर कशाला हवा!

दिग्दर्शक जोनाथन मिलरने १९८६ मध्ये फ्लोरेन्सला हे नाट्य १९४४ च्या, नाझींच्या ताब्यातल्या रोममध्ये नेलं होतं. तिथे प्रेक्षकांना शत्रू ओळखीचा होता. आपल्याला तो बिनगणवेशाचा दाखवायचाय, हे जास्त अवघड.

मेणबत्त्या अजून अडल्यात. स्कार्पियाचा खून केल्यावर तोस्का प्रेताशेजारी दोन मेणबत्त्या ठेवते, तेवढं संगीत लिहिलेलंच आहे, त्यामुळे गाळता येत नाहीत. दिवाळीच्या बॅटरीवाल्या पणतीतला एलईडी छान लुकलुकतो, पण त्याचे ५ मिमी म्हणजे प्रत्यक्षात साडेबारा सेंटिमीटर जाडी! ३ मिमीचे पिवळे, लुकलुकणारे कुणाला मिळाले असतील तर सांगा.

त्यानंतर तिसरा अंक, कास्तेल सांत'अँजेलो या किल्ल्याची गच्ची; शेवटी तोस्का तिथूनच उडी मारते. कठडा साडेतीन सेंटिमीटर धरलाय. गायिकेला लांब झग्यात चढता यायला हवं, म्हणून आतल्या बाजूला एक पायरी.